व्हर्नियरभाऊंचा भेक

भेक हातात घेतला की व्हर्नियरभाऊ न बघताच नर की मादी ते सांगत, आणि माझ्या पोटात दुखे. भेक म्हणजे अंगभर चामखिळी असलेला तो जाडा, सुस्त बेडूक. त्याच्यावर पीएचडी मी करत होते. भाऊ लातूरकडचे, आयटीआय झालेले. राहायला काळेवाडीत आणि कामाला चाकणच्या एका कारखान्यात, सुटे भाग व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या त्या सरकत्या पट्टीने, मोजायला; म्हणून हे नाव.

मला मोजणी शिकवायला माझ्या सरांनी त्यांना एकदा बोलावलं आणि ते येतच राहिले. पहिली शिफ्ट सुटली की चाकणच्या मोकळ्या प्लॉटांतल्या डबक्यांवर हजर. मावळात, चाकणला आणि लातूरला नर-मादीच्या आकारात किती फरक असतो, हा माझा विषय. लातूरची मापं भाऊ गावी गेले की घेऊन येत. इतकी नेटकी, की सर माझ्याआधी त्यांची वही उघडत. मी घरी जाऊन आईवर चिडायचे.

मादी नराहून मोठीच असते. पण चाकणचे नर माझ्या मापांत फारच खुजे निघाले. मोठा शोध लागला म्हणून मी हरखले होते. भाऊंनी त्यातला एक उचलला आणि हळूच म्हणाले, "ताई, ह्याचा गळा मोठ्या नरावानी काळा न्हाई, अंगठ्याला खरखर न्हाई, काखंत बोटं घालून धरलं तरी नरावानी वरडंना. हे नर न्हाईत, लेकरं हैत अजून."

दुसऱ्या दिवशी ही चूक मीच पकडली, असं मी सरांना सांगितलं. सर शाब्बास म्हणाले. भाऊ शेजारीच व्हर्नियर पुसत होते. काही बोलले नाहीत.

पुढे त्यांचा कारखाना परराज्यात गेला, त्याबरोबर तेही गेले. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं, पिल्लं वेगळी कशी ओळखलीत? या वेळी मी भाऊंचं नाव घेतलं. मग परीक्षक बराच वेळ भाऊंबद्दलच विचारत राहिले, आणि खरं सांगते, तेव्हाही मी जळले.

संध्याकाळी फोन करून मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "सर त्या दिवशी पहिल्यांदा तुमाला शाब्बास म्हणले, ताई. मी मधी कशाला बोलू?"

मापं आता मी त्यांच्याइतकीच अचूक घेते. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा हेवा मात्र अजून जात नाही.