झोपाळ्याच्या कड्या आणि न ओरडणारी चिमणी

बाळांनो, आपल्या बदलापूरच्या हॉलमधल्या झोपाळ्याच्या कड्या आम्ही बदलल्या. कशा, ते नीट क्रमाने सांगते.

जुन्या कड्या प्लेटिंगच्या म्हणून घेतल्या होत्या, पण निघाला साधा चंदेरी रंग. त्याचे पोपडे गळू लागले. गौरीच्या जेवणाला आजोबांची अंबरनाथची बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, आल्या आणि भरल्या पंगतीत म्हणाल्या, "वहिनी, तुमचा झोपाळा कात टाकतोय हो!"

सत्यनारायणाला त्या पुन्हा येणार होत्या. त्याआधी अस्सल प्लेटिंगच्या कड्या आणणं हा माझ्या अब्रूचा प्रश्न होता.

आम्ही उल्हासनगरला झोपाळ्यांच्या दुकानात गेलो. प्लेटिंग म्हणजे धातूवर धातूचाच थर, त्यातून वीज जाते. रंगातून किंवा पावडर कोटिंगमधून जात नाही. म्हणून आजोबांनी आमच्या दारावरची, सेलवर चालणारी चिमणीच्या आवाजाची बेल उपटून पिशवीत घेतली होती. बटणाच्या दोन वायरी कडीला टेकवायच्या. वीज गेली की बेलमधली चिमणी ओरडते.

"आंटी, सब प्लेटिंग आहे, गॅरंटी!" दुकानदार झोपाळ्यावर बसल्या बसल्या म्हणाला.

आजोबांनी वायरी टेकवल्या. चिमणी गप्प. दुसऱ्या कड्यांना टेकवल्या, तरी गप्प.

"काका, तुमची चिमणी झोपलीय."

"तिला प्लेटिंग दाखवा, उठेल."

मग आजोबांनी दुकानदाराच्याच झोपाळ्याच्या कडीला वायरी लावल्या. चिमणीने दुकान डोक्यावर घेतलं.

"ये तो मेरा बैठने का है!" त्याने दोन्ही कड्या घट्ट धरल्या. आजोबा शांतपणे चिमणी ओरडवत राहिले. येणारं गिऱ्हाईक विचारू लागलं, "बाकीच्या कड्यांवर का नाही हो ओरडत?" तेव्हा मात्र तो पटकन उठला, आणि कड्या आमच्या झाल्या.

सत्यनारायणाला वन्सं आल्या त्या देवाआधी झोपाळ्यापाशी. उजव्या हाताच्या नखाने त्यांनी कडी खराखरा खरवडली.

"बघा! निघाला की नाही रंग!"

सगळ्या बायका वाकल्या. कडीवर लालभडक रेघ होती.

"वन्सं," मी म्हटलं, "कडी चंदेरी आहे. लाल तुमचं नेलपॉलिश."

मी ओल्या फडक्याने रेघ पुसली. कडी लख्ख. वन्संनी उजवा हात पदराखाली लपवला, आणि प्रसादाचं ताट समोर आल्यावर त्यांची भारी पंचाईत झाली.