पारूआत्यांच्या जीपचा धूर

पारूआत्या महामार्गावर ट्रकच्या पुढं जाताना हॉर्न वाजवत नसत. खिडकीतून डोकं बाहेर काढून "हुर्रर्र, सर बाजूला!" असं मेंढरं हाकल्यासारखं ओरडत. नऊवारीतली साठीची बाई आपल्याला मागं टाकतेय हे ट्रकवाल्याला कळेपर्यंत जीप भिगवणच्या वळणावर पोचलेली असे.

त्या माझ्या आत्यासासू. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून तरुणपणीच माहेरी परतल्या आणि शेळ्यांच्या व्यापारावर ताठ मानेनं जगल्या. मी बारामतीहून लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला जीपमध्ये बसवून म्हणाल्या, "पोरी, ल्हानपणी बापाच्या मेंढरांमागं सुप्याच्या माळापातुर पायी फिरले. आता चाकावर जायाचं, आन् जोरात जायाचं." मी दोन्ही हातांनी दांडी धरून देवाचं नाव घेत होते.

जीपमधला हा जोर भिगवणच्या गॅरेजातल्या मेस्त्रीनं घातलेला होता. त्यानं जीपला मोठा टर्बो बसवला होता, डिझेलचा पंपही वाढवला होता. शेळ्यांनी खच्चून भरलेली जीप आमच्या कालव्याचा उभा चढ एका दमात चढायची. मागं मात्र काळा ढग सोडायची.

घरात माझ्या सासूबाईंना दमा. नणंद-भावजयींचं दिवसातून तीनदा वाजायचं, पण ऊस तुटून गेल्यावर शेताशेतांत उरलेल्या वाळल्या पाल्याचं पाचट पेटलं आणि सासूबाई खोकू लागल्या, की आत्यांना घास गोड लागत नसे. शेवटी एका ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या. "यंदा पाचट पेटवू नका. माझ्या वैनीला श्वास घ्यायला येत न्हाय."

आमच्या बांधालगतचे दत्तूनाना बसल्या जागेवरून म्हणाले, "आत्या, आदी तुमची आगगाडी इजवा. ती निघाली की माझ्या कोंबड्या खोकत्यात."

सभा खदखदून हसली. आत्या हसल्या नाहीत. "नाना, बोललात ते खरं हाय. उद्या भिगवणला चला. जीपचा धूर तपासू. पास झाली तर यंदा तुमी काडी लावायची न्हाय. नापास झाली तर मेस्त्रीनं वाढवलेलं समदं उतरवते, आन् तुमाला तोंडानं काय म्हणणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी पीयूसीवाल्याच्या गाडीशेजारी जीप उभी राहिली. नाना पांढरेशुभ्र कपडे घालून, लग्नाला आल्यासारखे मागं उभे. पीयूसीवाला आत्यांच्या ओळखीचा. सायलेन्सरमध्ये नळी घालून तो खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "आत्या, मी दाबा म्हटलं की पाय हलकाच ठिवा. समदीच तसं करत्यात. पास व्हतंय."

"रस्त्याला कदी हलका ठिवलाय व्हय मी पाय?" आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी अॅक्सिलरेटर पार तळाला नेला. एकदा नव्हे, तो सांगेल तितक्या वेळा. नाना मागून खोकत बाहेर आले, ते ओळखू येईनात. जीप नापास झाली.

तिथून आत्या सरळ मेस्त्रीकडं गेल्या. "जुना टर्बो बसव. पंप उतरव."

"आत्या, अशी वढणारी जीप तालुक्यात न्हाय!" मेस्त्री अगदी रडकुंडीला आला.

"वढती, पण धूर वकती बी."

काम झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. पुन्हा पाय तळाला. जीप पास झाली. येताना एकेक ट्रक आम्हाला मागं टाकून जात होता आणि आत्यांचं डोकं खिडकीच्या आतच होतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. मी बोललेच, "आत्या, पाय हलका ठेवला असता तर आपण जिंकलो असतो. आईंना एक वर्ष तरी सुखाचं गेलं असतं."

"कागद जिंकला असता, पोरी. पर जीप आपल्याच दारात हुबी ऱ्हाती. तिनं वैनीच्या तोंडावर धूर सोडला असता, तवा काय कागद आडवा धरू?"

इतकी सरळ बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

नानांचा ऊस तुटला. आम्ही खिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून बसलो. आत्या शब्दाला जागून नानांना काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळ झाली तरी धूर येईना. दारात नाना आले, हातात काडेपेटी तशीच. "बाईमाणसानं हरून गाडीचा जोर उतरवला, आन् मी जिंकून शेत पेटवू व्हय? पाचट तसंच सरीत कुजवतो." बाकीच्या सगळ्यांनी ऐकलं असं नाही, पण आमच्या बांधापाशी त्या वर्षी काडी लागली नाही.

त्याच हिवाळ्यात आत्या भिगवणच्या बाजाराला निघाल्या, तेव्हा सासूबाई हट्टानं जीपमध्ये बसल्या. एरवी त्या दिवसांत त्यांना अंगणही ओलांडवत नसे. कालव्याच्या चढावर जीप घुरघुरली आणि थांबली. आत्यांनी शेळ्या उतरवल्या, मला उतरवलं. सासूबाई कुणी न सांगता उतरल्या, रिकामी जीप वर गेली आणि त्या शेळ्यांमागून चढू लागल्या. मी हात द्यायला धावले, तो त्यांनी झटकला. निम्म्या चढावर त्या थांबल्या, तशी मी पुन्हा पुढं धावले.

पण त्यांना दम लागला नव्हता. कमरेवर हात ठेवून त्या वर जीपकडं बघत ओरडल्या, "वन्सं, गाडी असून बी मला चालायलाच लावलंत की!"