बामाचा वास

काही केसेस निवृत्तीनंतरही पिच्छा सोडत नाहीत. पडेगावच्या वृद्धाश्रमातली ती घटना मला आजही आठवते.

पोलीस ठाण्यावर तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. "साब, मेरे बाजू की बाई दर्द से चादर चबाती है. दवा लगती है बोलते, पन असर कुछ नहीं. आप आके देखो." ठाणे अंमलदार हसला. मी त्याला झापलं, स्टेशन डायरीत नोंद करायला लावली आणि स्वतः निघालो.

चादर चावणारी आजी गंगापूरकडची, हाडांचा कॅन्सर झालेली. डॉक्टरांनी तिच्या पाठीवर दुखणं मारणारी, अफूच्या जातीच्या औषधाची पट्टी लावायला सांगितली होती. पट्टी जागेवर होती. मी वाकून पाहिलं, तर बामाचा उग्र वास आला. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "त्या पट्टीला वास नसतो."

म्हणजे कंबरदुखीची साधी पट्टी चिकटवली होती! पट्ट्या लावणाऱ्या वॉर्डबॉयला ताब्यात घेतलं. आधी त्यानं कानावर हात ठेवले. पंचांसमोर त्याची पेटी उघडली, तेव्हा आत खऱ्या पट्ट्या निघाल्या. नशा करणाऱ्यांना तो त्या विकायचा.

"हीच म्हातारी का रे?" मी विचारलं.

"साहेब, जे वरडत्यात त्यांच्या पट्टीला मी हात बी लावला नाय. ही कधी वरडलीच नाय."

माझं टाळकंच सटकलं. हात उगारला होता, कसाबसा आवरला.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला गेलो. खरी पट्टी लागल्यामुळं आजी शांत पडली होती. मुलगा उशाशी बसला होता. मोठ्या कौतुकानं म्हणाला, "आमची आई लई सोशीक, साहेब. कधी हूं नाय की चूं नाय."

मी आजीला विचारलं, "एवढं दुखत होतं, तर नर्सला सांगितलं का नाही?"

तिनं मुलाकडं पाहिलं. "ह्यो मला इथं सोडून जाताना म्हणला व्हता, आई, कुणाला तरास देऊ नको."

आजी पुढं फार जगली नाही.

आरोपीला शिक्षा झाली. पण आईबापाच्या सोशिकपणाचं कौतुक कुणी करायला लागलं, की आजही माझं डोकं फिरतं. मी तोंडावर विचारतो, "दुखतंय का, हे त्यांना शेवटचं कधी विचारलंस?"