वायर न लावलेली गिटार

“वायर नको लावू. गिटार नुसती गळ्यात असू दे,” मधुभाऊ म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करताहेत. मधुभाऊ आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक, मॅनेजर आणि अनाउन्सर, सगळं तेच. यवतमाळला त्यांच्या गोडाऊनमध्ये ढाणकीच्या प्रोग्रामची प्रॅक्टिस चालू होती. मी लीड गिटार वाजवायची. लीड म्हणजे गाण्याच्या मध्ये गायक थांबतो आणि गिटार एकटीच बोलते, तो तुकडा वाजवणारी. आमच्या जिल्ह्यात हे काम करणारी दुसरी बाई तेव्हा मी तरी पाहिली नव्हती. त्यामुळे पोस्टरवर माझा फोटो गायिकेपेक्षा मोठा असायचा, आणि गायिका माझ्याशी नीट बोलायची नाही.

मधुभाऊंनी मग सविस्तर सांगितलं. नवा कीबोर्ड आणलाय, त्यात गिटारचा टोन आहे. माझे सगळे तुकडे आमचा कीबोर्डवाला सतीश त्यावर वाजवेल. मी समोर उभं राहायचं, बोटं फिरवायची आणि हसायचं.

“पब्लिकले काय समजते, वंदना? तू दिसली म्हणजे झालं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाबा ट्रेझरीत हेडक्लार्क. नातेवाईक त्यांना विचारायचे, पोरीला हे काय शिकवलं? बाबा म्हणायचे, तिला येतं म्हणून ती वाजवते. आता येत असलेलंही वाजवायचं नाही, म्हणजे मग मी स्टेजवर होते कशाला?

मधुभाऊंची अडचणही खरी होती. कापसाची ती वाईट वर्षं. आमचा धंदा कापसावर चालायचा, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. कापूस चांगला विकला की लग्नं निघायची, जिनिंगवाले आणि अडते मंडळांना वर्गणी द्यायचे, आणि त्यातून आम्हाला सुपाऱ्या मिळायच्या. भाव पडला की मंडळवाले सीडी लावून मोकळे. आमचा बासरीवाला गेला, दुसरा ढोलकवाला गेला. उरलेल्यांनी कटकट करू नये एवढीच मधुभाऊंची अपेक्षा होती. आणि माझी गिटार ही कटकट होती, कारण तिचा आवाज खरोखर वाईट यायचा.

“आवाज मी दुरुस्त करते,” मी म्हणाले. “पण वायर नसेल तर मी उभी राहणार नाही. पुतळा पाहिजे असेल तर दुकानातून आणा.”

“ढाणकीच्या आधी करून दाखव. नाई जमलं तर मी सांगतो तसं.”

इथे थोडं समजावून सांगायला हवं. जुन्या हिंदी गाण्यांमध्ये जी जाड, गुरगुरणारी गिटार ऐकू येते, तिची ढब विलायती रॉकवरून आलेली. ते वादक ब्रिटिश बनावटीचे ट्यूब अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेट्या, वापरायचे. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या ना, तशाच नळ्यांवर हे अँप चालतात. व्हॉल्यूम पूर्ण वाढवला की नळ्यांना सोसवत नाही आणि आवाज फाटायला लागतो. गंमत म्हणजे ते फाटणंच कानाला गोड लागतं. त्यात दोन जाती. एका जातीचा आवाज घंटेसारखा, स्वच्छ आणि कडेला थोडा खरबरीत. दुसऱ्या जातीचा आवाज छातीतून येतो, भरलेला. आमच्या गाण्यांना दुसरा हवा होता.

असा अँप आमच्याकडे कुणाकडेच नव्हता. त्याला पर्याय म्हणजे ओव्हरड्राइव्ह पेडल. साबणाच्या डबीएवढी लोखंडी डबी, पायाने दाबायची. आतलं सर्किट त्या फाटण्याची नक्कल करतं. बाजारात असे पुष्कळ पेडल मिळतात आणि बहुतेकांच्या खोक्यावर ‘ब्रिटिश’ लिहिलेलं असतं.

मी नागपूरला गेले. मोठं दुकान, एसी लावलेलं. सेल्समनने एक पिवळा पेडल काढला, दुकानातल्या ट्यूब अँपला जोडला आणि गिटार माझ्या हातात दिली. मी एक सूर लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं कॅसेटवर जे ऐकलं होतं, ते माझ्या बोटांतून येत होतं. दुसरा काही न बघता पेडल घेतला आणि एसटीत तो मांडीवर धरून यवतमाळला आले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर लावला. आवाज असा आला, जणू कुणीतरी पत्रा करवतीने कापतंय. सतीशने तोंड फिरवलं. गायिका उघडपणे हसली. मधुभाऊ हसले नाहीत, ते मला जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, “आता तरी आयकशील का माहं?”

“अजून ढाणकी यायची आहे,” मी म्हटलं.

ही चूक आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांनीच करावी अशी होती. आमच्या स्टेजवर गिटारचा अँप नसतोच. गिटारची वायर सरळ मिक्सरमध्ये जाते, जिथे प्रत्येक वाद्याचा चॅनल वेगळा कमीजास्त करता येतो, आणि मिक्सरमधून मोठ्या स्पीकरमध्ये. त्या स्पीकरवर गायकाचे शब्द लांबपर्यंत पोचावेत म्हणून वर भोंग्यासारखा हॉर्न बसवलेला असतो. गिटारच्या अँपचा स्पीकर वेगळा. तो आवाजातली खरखर स्वतःच गिळून टाकतो. आमचा हॉर्न तीच खरखर उचलून शेवटच्या रांगेपर्यंत फेकतो. शिवाय तो पिवळा पेडल ट्यूब अँपला धक्का देण्यासाठी बनवलेला होता. इथे अँपच नाही, तर धक्का कुणाला देणार? फोडणी झकास, पण कढईत भाजीच नाही. दुकानात मी पेडल ऐकलाच नव्हता, दुकानाचा अँप ऐकला होता.

हे उमगलं तेव्हा मला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त जोर आला. आमचा साउंड ऑपरेटर गजूभाऊ. त्याच्याकडून छोटा मिक्सर आणि हॉर्नवाला एक स्पीकर मागून घेतला. तो म्हणाला, “नागपूरले स्पीकर घेऊन कोणी जाते का वो?” मी म्हटलं, मी जाते. कंडक्टरने स्पीकरचं लगेज फाडलं आणि तो वर टपावर टाकायला सांगितला. मी नाही म्हटलं. स्पीकर माझ्या शेजारच्या सीटवर बसून नागपूरला आला.

दुकानात सेल्समन वैतागला. “मॅडम, इतना अच्छा अँप है, इसपे सुनिए.”

“मी ह्याच्यावर वाजवते,” मी म्हटलं, “म्हणून ह्याच्यावरच ऐकणार.”

त्याने मालकाकडे बघितलं. मालकाने मान हलवली, कदाचित मला लवकर घालवण्यासाठी. मग मी एकेक पेडल लावत गेले. सगळ्यात महागडा पेडल हॉर्नवर किंचाळला. घंटेच्या जातीचा एक होता, तो एकटा ऐकायला छान, पण सोबत ढोलक आणि बेस वाजला असता तर शोधावा लागला असता. शेवटी कोपऱ्यातून एक बेढब पेडल निघाला. रंग उडालेला, बटणं जास्त, कुणी घेत नाही असं सेल्समन स्वतःच म्हणाला. तो नुसता ओव्हरड्राइव्ह नव्हता. त्यात ब्रिटिश अँपची नक्कल होती आणि त्या अँपच्या स्पीकरचीही. म्हणजे खरखर गिळण्याचं काम तो आतच उरकत होता. पहिला सूर निघाला आणि सेल्समनने हातातला मोबाइल खाली ठेवला. आवाज भरलेला होता, छातीतला. पिवळा परत देऊन हा घेतला.

प्रॅक्टिसला वाजवून दाखवला. मधुभाऊ गोडाऊनच्या दारापर्यंत जाऊन ऐकून आले.

“ठीक हाय,” म्हणाले. बस, एवढंच. मी ते ‘हो’ समजले.

ढाणकीला मैदान भरलं होतं. कापसाची दशा काहीही असो, फुकटचा ऑर्केस्ट्रा कोण सोडतो? साउंड चेकला माझा आवाज व्यवस्थित आला. पेडलला बॅटरी लावली होती, कारण जनरेटरवर लावला की तो गुणगुणतो. दिवेलागणीला प्रोग्राम सुरू झाला. माझा सोलो, म्हणजे एकटीचा तुकडा, तिसऱ्या गाण्यात होता. वेळ आली, मी पुढे झाले, पेडल दाबला आणि तार ओढली. तार ओढली की सूर वर चढतो. तो चढला नाही. सूर सपाट, गुळगुळीत, प्लॅस्टिकचा. तो सतीशचा कीबोर्ड होता. माझा चॅनल मिक्सरवर बंद होता.

मी विंगेत पाहिलं. मधुभाऊ माझी नजर चुकवून माइकची वायर गुंडाळत होते.

काय करायचं याचा विचार केला असं सांगितलं तर खोटं होईल. मी दोन्ही हात गिटारवरून उचलले आणि डोक्याच्या वर नेले. तशीच उभी राहिले.

गिटार वाजतच होती.

पहिल्या रांगांतली माणसं माना उंच करून बघायला लागली. मग मागून एक आवाज आला, “अबे, बाईची गिटार आपोआपच वाजून राह्यली!” हशा उसळला, शिट्ट्या सुरू झाल्या. सतीशने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि कीबोर्डवरून हात काढले. सोलो मध्येच तुटला. नुसता ढोलक आणि ड्रम चालू राहिला. माझे हात वरच होते. गजूभाऊ मिक्सरमागून मधुभाऊंकडे पाहत होता. मधुभाऊंनी कपाळाचा घाम पुसला आणि बोटाने वर, वर, अशी खूण केली.

स्पीकरमधून माझ्या गिटारची बारीक सूं आली, तेव्हा कळलं की चॅनल उघडला. तालाचं एक आवर्तन मी मुद्दाम जाऊ दिलं. मग हात खाली घेतले आणि वाजवलं. लोकांनी ते गाणं दुसऱ्यांदा घ्यायला लावलं, आणि दुसऱ्यांदा सगळे माझ्या हातांकडेच बघत होते.

परतीच्या गाडीत उमरखेड आल्यावर मधुभाऊ माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “चार लोकांत माही इज्जत घालवली तुनं.”

“मला सांगून बंद केला असता, तर मी स्टेजवर चढलेच नसते,” मी म्हटलं. “मग कुणाचीच गेली नसती.”

ते रागातच होते. पण मला काढलं नाही, कारण पुसदच्या मंडळाने फोन करून “ते हातवाली बाई” हवी असं सांगितलं. ऑर्केस्ट्रा पुढे बंदच पडला, कापसापुढे कुणाचं काय चालणार. पण बंद पडेपर्यंत माझा चॅनल पुन्हा कुणी बंद केला नाही.

आता मी यवतमाळला क्लास घेते. मुलंमुली विचारतात, मॅडम, ब्रिटिश साउंडसाठी कोणता पेडल घेऊ? मी सांगते, जिथून आवाज बाहेर पडणार आहे, त्याच्यावर ऐकून घ्या, दुकानाच्या अँपवर भाळू नका. प्रोग्रामच्या आधी मिक्सरपाशी जाऊन आपला चॅनल उघडा आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि तरीही कुणी बंद केलाच, तर वाजवल्याचं नाटक करू नका. हात वर करा.