खुलाशाच्या दिवशी गैरहजर

मानसशास्त्र शिकवतो म्हटलं की लोक लगेच विचारतात, "मग आमच्या मनात काय चाललंय ते सांगा की!" लग्नात, बँकेत, केस कापायला बसलो तरी. मी हसून वेळ मारून नेतो. या जूनपासून ते हसणंही जमेनासं झालंय. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत, अंगात पूर्वीसारखा जोर नाही, आणि लपवायलाही जोर लागतो. म्हणून लिहून टाकतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी याच कॉलेजात नवा होतो, पीएच.डी. करत होतो. माणसाला स्वतःबद्दलची एखादी खोटी गोष्ट कुणी अधिकारानं सांगितली, तर तो ती किती मनावर घेतो, असा विषय. बी.ए.च्या मुलामुलींना चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे आणि कोण खरं बोलतोय, कोण खोटं, ते ओळखायला सांगायचं. उत्तरं तपासायची नव्हतीच. बिस्किटाच्या एका रिकाम्या डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या होत्या, निम्म्या चांगल्या निकालाच्या, निम्म्या वाईट निकालाच्या. हाताला येईल ती उचलायची आणि "हा तुमचा निकाल" म्हणून समोरच्याला द्यायची. मग त्यांच्याकडून स्वतःबद्दलची एक प्रश्नावली भरून घ्यायची. दुसऱ्या दिवशी वर्गात खुलासा, म्हणजे निकाल खोटा होता हे सगळ्यांना सांगून टाकायचं. या शेवटच्या पायरीशिवाय असा प्रयोग म्हणजे निव्वळ फसवणूक, हे मी आजही शिकवतो.

वाईट चिठ्ठीवरचं वाक्य मीच रचलं होतं. "आपल्याला माणसांची पारख नाही. लोकांविषयीच्या आपल्या अंदाजावर विसंबू नये." खरं वाटावं म्हणून खाली विभागाचा गोल शिक्का मारला. शिक्क्याची कल्पना गाईडची नव्हती, माझी होती. तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली.

खुलाशाच्या दिवशी वर्गात हशा पिकला. चांगली चिठ्ठी मिळालेला एकजण म्हणाला, "म्हंजे सर, मी हुशार न्हाई व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं, "त्ये आम्हास्नी चिठ्ठीबिगर ठावं हाय की!" हजेरी घेतली. एक मुलगी गैरहजर होती. शिरोळकडच्या गावातून एसटीनं यायची, पहिल्या बाकावर बसायची, मी प्रश्न पुरा करायच्या आत हात वर करायची. तिला वाईट चिठ्ठी गेली होती.

दोन दिवसांनी ती जिन्यात दिसली. सांगू उद्या, म्हटलं. मग उद्याचं परवा झालं.

इथपर्यंतचं मी बायकोला सांगितलेलं आहे. पुढचं कुणालाच नाही. मी कंटाळा केला नव्हता, विसरलोही नव्हतो. ती वर्गात हात वर करायची थांबली होती, ते माझ्या लक्षात आलं होतं. हे किती दिवस टिकतं, ते मला बघायचं होतं. प्रबंधात ते येणार नव्हतं, तरी एका वहीत मी नोंदी करत राहिलो. आज उत्तर माहीत असून गप्प बसली. आज शेजारणीला विचारून मग बोलली. दीड महिन्यानं परीक्षा झाल्या आणि ती कॉलेजातून गेली. प्रबंधात मी लिहिलं, "सर्व सहभागींना प्रयोगाच्या खऱ्या हेतूची कल्पना देण्यात आली." त्या 'सर्व'वर कुणी बोट ठेवलं नाही.

यंदा एम.ए.च्या प्रवेशाला मी टेबलावर होतो. टीसी बघा, गुणपत्रकं बघा, सही करा, पुढचा. दुपारी एक बाई मुलीला घेऊन आली.

"सर, वळखलंसा का?"

मी मान हलवली, हो आणि नाहीच्या मधली.

"न्हाई वळखलंसा. असूंदे. किती पोरं येत्यात, जात्यात." तिनं गावाचं नाव सांगितलं, आणि मला तो पहिला बाक दिसला.

मुलीच्या कागदांत एक झेरॉक्स कमी होती. ती गेटसमोरच्या दुकानात गेली. बाई खुर्चीच्या कडेवर टेकली.

"एम.ए. करणार म्हणतीया. पण स्थळ आलंय तिला. रविवारी बोलणी हाईत."

"चांगलं आहे का?"

"समदी चांगलं म्हणत्यात. पोरगं पुण्यात कंपनीत हाय. घर हाय, शेती हाय."

"आणि तुम्हाला काय वाटलं?"

ती फाईलची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. "मला बरं न्हाई वाटलं बघा. पोरगं ग्वाड बोलतंय. पण त्याच्या आईला काय इचारलं, तर ती आधी त्याच्याकडं बघती, मग बोलती. पोह्यात मीठ बरं हाय का इचारलं, तरीबी."

इतक्या वर्षांत असं निरीक्षण माझ्या एकाही विद्यार्थ्यानं लिहून दिलेलं नाही. मी विचारलं, "घरात सांगितलंत हे?"

"मी काय सांगू? मला कुठं माणसाची पारख हाय?" ती हसली. आपल्याला शुगर आहे, असं लोक सांगतात ना, तसं सहज. "तुम्हीच की सांगितलं हुतंसा. आपल्या अंदाजावर विसंबू नये. माझं लगीन ठरताना मी वडलास्नी त्येच म्हटलं. तुम्हीच बघा, मला काय कळत न्हाई."

लग्न कसं निघालं, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. माझं वाक्य तिला शब्दन् शब्द पाठ होतं, मला ते तिच्या तोंडून ऐकल्यावर आठवलं.

मग मी सांगितलं. वर्गात सांगावं तसं, कोरडं. चिठ्ठ्या, डबा, शिक्का. शिपायानं आणलेला चहा मध्ये तसाच राहिला.

"म्हंजे माझी उत्तरं तुम्ही तपासलीच न्हाईसा?"

"नाही."

"आणि बाकीच्यास्नी सांगितलंसा?"

"दुसऱ्या दिवशी. तुम्ही नव्हता."

"वाडीला देवाला गेलतो, घरच्यांसंगं. पुनव हुती." तिनं बोटावर दिवस मोजले. "मग तिसऱ्या दिवशी?"

या प्रश्नाची मी पुष्कळ उत्तरं तयार ठेवलेली होती. कामाचा रेटा, परीक्षा, तरुण वय. ती सगळी बाजूला ठेवली. म्हणालो, "तुम्ही किती दिवस ते खरं मानता, ते मला बघायचं होतं. वहीत लिहून ठेवत होतो."

"पंचवीस वर्सं," ती म्हणाली. "लिवा की मग वहीत."

मागच्या रांगेतला कुणीतरी "सर, आमचं बघताय न्हवं?" म्हणाला. मी हातानंच थांबवलं.

"एक सांगू?" ती आता माझ्याकडं सरळ बघत होती. "चिठ्ठी देताना तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलं न्हवतंसा. कागदाकडं बघत हुतासा. मला तवाच वाटलं, ह्यो मास्तर कायतरी खोटं बोलतोय. मग चिठ्ठी उघडून वाचली, आणि म्हटलं, न्हाई, आपल्याला काय कळतंय."

मी माफी मागितली. मुलगी झेरॉक्स घेऊन आली, तशी आई तिला म्हणाली, "भर फारम," आणि फोन घेऊन व्हरांड्यात गेली. दार उघडंच होतं. पलीकडचा, बहुधा नवऱ्याचा, आवाज एवढा चढा की शब्द कळत नसले तरी सूर इथवर येत होता.

"रविवारचं थांबवा म्हणतोय मी," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मला वाटलं, आता 'बरं' म्हणणार. "न्हाई, मला कुणी सांगितलं न्हाई. मीच बघितलंय न्हवं? त्याच्या आईकडं बघितलंय मी."

फोन ठेवून ती आत आली नाही. मुलीला बाहेरूनच खूण केली.

त्या रविवारी काय झालं, मला माहीत नाही. विचारायला मी कोण? कॉलेज सुरू झालंय, मुलगी येते. गळ्यात मंगळसूत्र नाही, पण तेवढ्यावरून काय धरायचं. आईनं तिला माझ्याबद्दल किती सांगितलंय, तेही कळायला मार्ग नाही. ती पहिल्या बाकावर बसते आणि मी बोलायला लागलो की थेट माझ्या तोंडाकडं बघते. पुढच्या आठवड्यात संशोधनातल्या नीतीचा धडा आहे. सहभागींना खरं काय ते नंतर सांगायचं असतं, हे तिला मी शिकवणार आहे. शक्यतो फळ्याकडं तोंड न करता.