विंचवाच्या नांगीतला तारा

वैशाखातल्या रविवारी संध्याकाळी तारांगणाच्या घुमटात पाऊल टाकलं की आधी वास येतो: थंड केलेल्या बंद हवेचा, खुर्च्यांच्या जुन्या कापडाचा आणि बायकांच्या केसांत दिवसभराच्या उन्हाने मलूल झालेल्या मोगऱ्याचा. बाहेर नांदेडचे रस्ते अजून ऊन ओकत असतात. व्याख्यान विनामूल्य आणि सहकुटुंब, त्यामुळे आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे येतात. त्यांतले निम्मे गारव्यासाठी येतात हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. मग दिवे मंदावत जातात, घुमटावर एकेक तारा उमटू लागतो, आणि मघापर्यंत चिवड्याच्या पुड्या सोडणारी माणसं आपोआप गप्प होतात. त्या अंधारात मी बोलायला लागते.

लोक म्हणतात, बाईंना आकाशाचं केवढं वेड! वेड कसलं, मी डूख धरलेला आहे.

माझं गाव देवणी, गाईबैलांच्या जातीसाठी नावाजलेलं. मी जन्मले तेव्हा चंद्र मूळ नक्षत्रात होता, आणि मुळावरची मुलगी सासऱ्याच्या जिवावर येते असं आमच्याकडे मानतात. ज्या गावात वासराचं कपाळ, कान, वशिंड सगळं पारखून घेतात पण नक्षत्र कुणी विचारत नाही, त्या गावात माझं मात्र विचारलं गेलं. भोकरची मंडळी मला पाहायला आली होती. मुलगा खाली मान घालून बसलेला, बोलत होती ती त्याची आई. पोहे झाले, चहा झाला, आणि स्वयंपाकघराच्या दाराआडून मी तिचा तो शेवटचा शब्द लांबवत बोलणारा आवाज ऐकला: "पोरगी चांगली हाय, पण मुळावरची. आमच्या मालकाच्या जिवाशी खेळ न्हाई करायचा."

माझे वडील आयुष्यात खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी ते ओट्यावर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, की जन्मवेळ चुकली असेल, आमचं घड्याळ तेव्हा मागे पडायचं. आमचं घड्याळ कधीच मागे पडत नव्हतं. नकार मी पचवला असता; वडिलांचे ते जोडलेले हात मला कधीच पचले नाहीत. बातमी पसरायला वेळ लागत नाही. पुढची स्थळं शेजारच्या उदगीरपर्यंत यायची आणि तिथूनच माघारी फिरायची, मग तीही आटली. माझ्या लग्नाची वाट पाहतच वडील गेले.

ज्या ताऱ्यांनी हे केलं ते तरी कसे दिसतात ते पाहावं, म्हणून मी पदार्थविज्ञान शिकले, नांदेडच्या महाविद्यालयात लागले आणि रविवारची ही व्याख्यानं अंगावर घेतली. उन्हाळ्यात वृश्चिक घुमटावर चढला, की त्याच्या वळलेल्या नांगीवर माझ्या हातातल्या बॅटरीचा हिरवा ठिपका स्थिरावतो. मी सांगते की हे मूळ नक्षत्र. इथून निघालेला प्रकाश शेकडो वर्षं प्रवास करून आज आपल्यापर्यंत पोचतो आहे, तो निघाला तेव्हा आपले खापरपणजेही जन्मले नव्हते. चंद्र दर महिन्याला त्या बाजूने जातो, पण त्या ताऱ्यांच्या जवळपासही पोचत नाही. मग मी विचारते, "इथं मुळावर जन्मलेलं कुणी आहे?" कुणाचा हात वर जात नाही, आणि मी स्वतःचा वर करते.

यंदा वैशाखात एका रविवारी माझ्याआधी एक हात वर गेला. आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. तिच्या शेजारून दुसरा हात आला, त्याने तिचं मनगट धरून खाली ओढलं, आणि दबका आवाज आला, "सांगू न्हाई असं कुनाला." शेवटचा शब्द लांबवलेला. स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलेला तोच आवाज. उरलेलं व्याख्यान मी कसं पुरं केलं ते मला आठवत नाही.

दिवे लागले. तारे सांगणारी बाई म्हणजे मोठी ज्योतिषीण, अशी समजूत करून घेऊन दर रविवारी कुणीतरी मागे रेंगाळतंच. अशांना मी चार शब्द सुनावून वाटेला लावते. त्या दिवशी रेंगाळली ती तीच, भोकरची. मी तिच्या ध्यानात नव्हते. मुलगी तिच्या धाकट्या लेकाची. मूळ आपल्यावर येईल या भीतीने शांती होईस्तोवर बापाने हिचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आता तोच गाडीवरून पडून इथल्या दवाखान्यात होता, तर घरातले सगळे हिच्याकडेच बोट दाखवत होते. पोरीला जरा वॉर्डाबाहेर काढावं म्हणून आजी तिला घेऊन इथे आली होती. पोर माझ्या हातातल्या बॅटरीकडे टक लावून पाहत होती.

"एवढं आभाळ तुम्हाला पाठ हाय, मॅडम. हिला मुळातून काढायचा काही उपाय हाय का?"

मला आनंद झाला. तो शोभणारा नव्हता, पण झाला. तिने आमच्या ओट्यावर जे टाकलं होतं, ते तिच्याच घरच्या पाळण्यात येऊन निजलं होतं. मी माझ्या वडिलांचं नाव सांगितलं, देवणी सांगितली, पोह्यांची आठवण करून दिली. तिचं कपाळ मोकळं होतं, ते दिसत असूनही मी विचारलं, "मालक कसे आहेत तुमचे?"

तिला ओळख पटली. मग म्हणाली, "तुम्हाला बघून गेला त्या थोरल्याच्या लग्नाला वरीस झालं न्हाई, तवर गेले. सून चोख पत्रिकेची आणली होती. पांढऱ्या पायाची म्हनून तिला माहेरी धाडलं आम्ही." आणि पुढे, "तुम्ही आल्या असत्या, तर ते तुमच्यावर आलं असतं."

 इतकी वर्षं मी एका बंद दाराचा राग केला, आणि त्या दाराआड माझ्या जागी कोण उभी होती याचा विचारही केला नाही. उलट तिचा हेवा केला, तिच्या संसाराची चित्रं मनात रंगवून स्वतःला जाळत राहिले. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. राग त्याने कमी झाला नाही. आतापर्यंत तो माझ्या एकटीचा होता, आता तो आम्हा दोघींचा झाला, आणि समोर उभी असलेली पोर धरली तर तिघींचा.

म्हातारी अजून उभीच होती. "उपाय?" तिने पुन्हा विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "दर रविवारी हिला इथं घेऊन यायचं. दुसऱ्या कुणी नाही, तुम्ही. पहिल्या रांगेत बसायचं, आणि मी विचारलं की हिचा हात तुम्ही धरून वर करायचा."

तिने पदराने तोंड पुसलं, आणि व्रताचा विधी विचारावा तशा खालच्या आवाजात म्हणाली, "किती रविवार?"

ग्रहताऱ्यांना आपल्याकडून काहीही नको असतं, हे वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगणारी मी म्हणाले, "मी सांगेपर्यंत."

लेक बरा होऊन घरी गेला, पाऊस आला. ती भोकरहून बसने येते, वेळेआधी येते. मुलगी आता विचारायच्या आधीच हात वर करते आणि जवळ बसलेल्या पोरांना नांगी कुठे ते दाखवते. म्हातारीचा हात तरीही त्या मनगटाखाली असतो. पुरे, असं आता म्हणायला हवं, हे मला कळतं. मी अजून म्हटलेलं नाही.