घडांवरची उलटी अक्षरं

प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेत छापलं होतं की, सहभागी चित्रकार 'वस्त्रातून विश्वाशी संवाद' साधणार आहेत. माझा संवाद गेला महिनाभर मेणाशी चालला होता. पहिल्यांदाच माझं चित्र निवडलं गेलं होतं. संध्याकाळी ते न्यायला माणूस येणार होता आणि दुपारी ते अजून मेणाखालीच होतं.

चित्र माझ्या भावाच्या दिंडोरीच्या बागेचं. उन्हाने रंग बिघडू नये म्हणून द्राक्षाच्या घडांना तिथे वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. गर्द पानांत लटकलेले ते पांढरे कागद मला हवे होते. बाटिकमध्ये जे पांढरं राखायचं, त्यावर आधीच वितळलेलं मेण लावायचं. मग कापड हिरव्या रंगात बुडवायचं, हवं तेवढं हिरवं पुन्हा मेणाने झाकायचं आणि शेवटी गडद निळा. आत काय जमलंय, ते मेण निघेपर्यंत कळत नाही.

मेण काढायला कापडावर रद्दी ठेवून इस्त्री फिरवतात. नवरा कागद देत होता, मी एकेक भाग इस्त्री करत होते. कागद मेण पीत गेला, खालून पानं निघाली, वेल निघाली!

"अरे, बघ, बघ!" मी ओरडले.

पुढचा कागद उचलला, तर पांढऱ्या घडांवर बारीक काळी अक्षरं. उलटी.

"हा आजचा पेपर दिलास?"

"मग? वाचून झाला होता."

रद्दी जुनी लागते. ताजी शाई गरम मेणात सुटते. नवरा ओझरच्या विमान कारखान्यात कामाला; तिथे हे शिकवत नसावेत. मी इस्त्री बंद केली.

तेवढ्यात भाऊ आला, खास चित्र बघायला. तो टेबलावर वाकला.

"ताई, लय भारी! खरेखुरे पेपर लावले की!"

"चूक आहे रे ती."

"चूक कशी? कोऱ्या कागदात कोण घड गुंडाळतं? बाग हाय ती, दवाखाना नाय."

मी पुन्हा पाहिलं. निळ्यावर शाई दिसतच नव्हती. फक्त घडांवर होती, अगदी बागेतल्यासारखी. दोन घड अजून मेणाखाली होते.

"आजचा पेपर उरलाय का?" मी नवऱ्याला विचारलं.

"पुरवणी उरलीय."

"आण. पळ!"

इस्त्री फिरली, कागद उचलला आणि आम्ही तिघंही एकदम ओरडलो. भावाने न्हाणीघरातला आरसा आणून घडासमोर धरला.

"ताई, कन्या राशीचं भविष्य आलंय."

"काय म्हणतंय?"

"पुढचं पानाआड गेलंय."

खाली गाडीचा हॉर्न वाजला.